बाळंतिणीची होडी

पद्माक्कांनी मला रंकाळ्याच्या काठावर बोलावून घेतलं ते माझी उंची मोजायला.

इस्पितळात मी नर्स होते; कामाची पाळी संपवून तशीच गेले होते. निरोप होता की काम तातडीचं आहे. तातडीचं म्हणजे कुणीतरी अडलेली असणार, असं धरून मी पिशवीत कात्री, दोरा, औषधं, सगळं घेतलं. पाहते तर चिंचेखाली एक मोडकी होडी आणि तिच्यात गुडघाभर केरात उभ्या पद्माक्का. पांढऱ्या लुगड्याचा काचा मारलेला आणि हातात दुकानातला कापड मोजायचा लोखंडी गज.

“आडवं व्हा,” त्या म्हणाल्या.

“कुठं?”

“हितंच, फळीवर. तुमची न् माझ्या सुमतीची उंची सारखी हाय.”

मी आडवी झाले. पद्माक्कांना नाही म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि पुढंही एकच पाहिलं. त्यांनी मला डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं, कोपर किती बाहेर येतं ते मोजलं, गुडघे उभे करायला लावून पुन्हा मोजलं. मग एका घोंगड्याचं गाठोडं माझ्यापुढं टाकलं.

“आता ह्ये पोटाला बांधा न् त्या दारातनं आत जाऊन दाखवा.”

“का?”

“नवव्या म्हयन्याची बाई आत जाती का, ते बघायला नगं?”

होडीच्या मागच्या अर्ध्या भागावर लाकडी छपराची एक बुटकी खोली होती. तिच्या दारात मी गाठोड्यासकट शिरले आणि अडकले. पुढं जाता येईना, मागं येता येईना. बाहेर पद्माक्कांनी आनंदानं टाळी वाजवली. “बघितलंसा? म्या म्हनलं हुतं की! दादू, दार काप!”

होडीच्या टोकावर पाठ करून दादूमिया सुतार भाकरी खात बसले होते. पाठ करून अशासाठी, की भाकरीबरोबर कांदा होता आणि अक्का जैन. त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं, घास गिळला आणि विचारलं, “आधी बाईंना काढू, का आधी कापू?”

ही गोष्ट महाराजांच्या अमदानीतली. तेव्हा कोल्हापुरात रोज काहीतरी नवं निघायचं. इकडं शाळा, तिकडं वसतिगृह, पलीकडं आखाडा, तिकडं डोंगरात नदीला धरण घालायचं चाललेलं. त्यामुळं एक बाई होडीत खोली बांधतेय म्हणून गाव फारसं दचकलं नाही. फक्त बघायला आलं.

पद्माक्का पेठेतल्या एका कापड दुकानाच्या मालकीणबाई. नवरा गेल्यावर काही दिवस त्यांनी पडद्याआड बसून दुकान चालवलं. पडद्याआडून गिऱ्हाईक काय बोलतंय ते नीट ऐकू येईना, तेव्हा एके दिवशी त्यांनी पडदा काढला आणि तोही विकला. आवाज असा की दोन दुकानं पलीकडच्या माणसाला आपल्यालाच हाक मारली असं वाटावं. दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी गाळल्याशिवाय तोंडाला नाही, जमिनीखालचं काही खायचं नाही, हे सगळं काटेकोर. पण त्याचा गाजावाजा नाही. गाजावाजा फक्त मापाचा. कुणी “खूप लांब आहे” म्हणालं की त्या विचारायच्या, “किती गज?” कुणी “फार वाईट झालं” म्हणालं तरी त्यांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न असायचा. “मापून बोला” हे त्यांचं पालुपद. दुसरं पालुपद, “मोडंल की, मग काय झालं?” सुतारकामातलं त्यांना सुरुवातीला काहीही येत नव्हतं, आणि या दुसऱ्या पालुपदाच्या जोरावर त्या ते शिकल्या.

होडी कशासाठी, ते आता सांगते.

सुमती ही त्यांची एकुलती एक लेक. नदीपल्याडच्या गावात, वरच्या अंगाला, जैन पाटलांच्या घरात दिलेली. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी झालं. मूल झालं, पण वार अडकली आणि पोरगी रक्त जाऊन पांढरीफटक पडली. मी तिथं होते आणि इस्पितळ हाकेच्या अंतरावर होतं, म्हणून निभावलं. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं, की पुढच्या खेपेला पुन्हा असं होऊ शकतं, बाई इस्पितळाच्या जवळ पाहिजे.

पुढच्या खेपेचे दिवस भरत होते ते ऐन श्रावणात. त्या दिवसांत पंचगंगा फुगते, नावेची तर बंद होते, आणि पल्याडचं गाव महिनाभर पल्याडच राहतं. म्हणून अक्का उन्हाळ्यातच लेकीला आणायला गेल्या. सुमतीच्या सासूबाई, पाटलीणबाई, सोप्यात बसून डाळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

“पहिलं म्हायेरी, दुसरं सासरी. आमच्या घराण्यात कधी मोडलं न्हाय.”

“डाक्टर म्हनतोय...”

“डाक्टर आमच्या घराण्यातला न्हाय.”

पद्माक्कांना नाही म्हणणारं ते एक माणूस. पाटलीणबाई वाईट नव्हत्या. सुनेला दुधा-तुपात ठेवलेलं होतं. पण दुसरं बाळंतपण माहेरी होऊ दिलं तर सासरी पोरीची आबाळ होते असं लोक म्हणणार, आणि ते त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं.

परतताना अक्का तरीत बसल्या. पाणी अजून उन्हाळ्याचं, संथ. मध्यावर आल्यावर त्यांनी नावाड्याला विचारलं, “भिमू, आता आपुन कुठल्या गावात हाय?”

भिमू म्हणाला, “कुठल्याच न्हवं. नदीत हाय.”

“म्हंजे ना म्हायेर, ना सासर,” अक्का म्हणाल्या, आणि काठाला लागेपर्यंत त्यांच्या डोक्यात सगळी खोली बांधून झाली होती.

रेसिडेन्सीतल्या एका साहेबानं ही होडी रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला म्हणून मुंबईहून आणवली होती. डोलकाठी, शीड, खोलीत गाद्यांची दोन बाकं, आरसा, बाटल्या ठेवायचं फडताळ. साहेब बदलून गेला आणि होडी चिंचेखाली पडून राहिली. गाद्यांत उंदीर, फडताळात कोंबड्या. तळ्यावरच्या कारभाऱ्यांनी ती जळण म्हणूनच अक्कांना दिली. “फोडायला मानूस देऊ का?” असंही वर विचारलं. अक्का म्हणाल्या, “फोडायला माझी मी हाय.”

आणि खरंच त्यांनीच फोडली. साहेबाची बाकं, आरशाची चौकट, फडताळ, सगळं एका दिवसात उपटून बाहेर. दादूमियांचं घराणं ताबूत बांधणारं. ताबूत खांद्यावर उचलायचा असतो, त्यामुळं त्यांना वजनाची अक्कल पक्की होती. आत काय ठेवायचं आणि काय नाही यावर दोघांची रोज भांडणं व्हायची. अक्कांना सागवानी खाट पाहिजे होती. दादूमिया म्हणायचे, “अक्का, बाळंतीण झोपवायची हाय, हत्ती न्हाय.” शेवटी खाटेची चौकट फणसाची आणि वरचं विणकाम सुतळीचं ठरलं. खोलीचा पडदा शाहूवाडीकडच्या बांबूच्या कामट्यांचा, ताबुतासारखा हलका, एका हातानं उचलता येणारा.

पहिला खोळंबा मुंग्यांनी केला. तळाच्या फळ्यांत लाल मुंग्यांचं मोठं वारूळ निघालं. दादूमियांनी रॉकेल मागवलं. अक्कांनी ते बुधलं उचलून आपल्या मागं ठेवलं आणि गूळ मागवला. फळीपासून चिंचेच्या बुंध्यापर्यंत त्यांनी गुळाच्या पाण्याची रेघ ओढली आणि मुंग्या त्या वाटेनं जायची वाट बघत बसल्या. पाऊस जवळ येत चाललेला, सुतार रोजावर, आणि काम बंद.

“अक्का,” दादूमिया म्हणाले, “मुंग्यांनी बिऱ्हाड हलवायला मुहूर्त बघितलाय व्हय?”

“बायकापोरं घिऊन निघायचं म्हंजे येळ लागनारच की,” अक्का म्हणाल्या. त्या स्वतः बसल्या जागी पायाचा अंगठा हलवत होत्या. वाट बघणं हे काम त्यांना सगळ्यात जड जायचं. मुंग्या गेल्या. सगळ्या नाही, पण अक्कांचं समाधान होण्याइतक्या.

दुसरा खोळंबा सरसाचा. दादूमिया सरसाचं मडकं चुलीवर ठेवत होते, वास सुटला, आणि अक्का तीरासारख्या आल्या.

“ह्यात काय हाय?”

“सरस.”

“कशाचा?”

“सरस सरसाचाच असतोय की, अक्का.”

“कातड्याचा,” अक्का म्हणाल्या. “माझ्या होडीत न्हाय.”

“मग फळ्या काय मायेनं चिकटवू?”

“खुंट्या मार.”

होडीच्या सांध्यांत चरबी भरायची रीत, तीही त्यांनी बंद केली. त्याऐवजी राळ आणि जवसाचं तेल कढवून, त्यात सुती चिंध्या बुडवून सांधे भरले. चिंध्या दुकानातल्या. आतलं सगळं काम, म्हणजे खाट, माझी औषधं ठेवायची फळी, पाण्याच्या कळशीचं कडं, बाळाला अडकवायची झोळी, हे एकही थेंब सरस न लावता खाचा, खुंट्या आणि दोऱ्या यांच्यावर उभं राहिलं. खुंट्या अक्का स्वतः करायच्या. गादीवर बसून, एका बाजूला गिऱ्हाईक, एका बाजूला पटाशी. त्या उन्हाळ्यात त्यांच्या दुकानातून नेलेल्या प्रत्येक धोतरात लाकडाचा भुसा निघायचा.

माझं आणि त्यांचं भांडण खिडकीवरून. साहेबाच्या खोलीला दोन्हीकडं काचेची भोकं होती. अक्कांनी ती फळ्या ठोकून बंद केली आणि फटीत कापूस कोंबला.

“खिडकी पाहिजे,” मी म्हटलं.

“बाळंतिणीला वारा लागतोय.”

“मला उजेड लागतो. अंधारात मला काय दिसणार?”

“आजवर समद्या बाया अंधारातच झाल्या की.”

“आणि गेल्याही.”

त्यावर त्यांनी हातोडी खाली ठेवली. पण फळी काढली नाही. बाळंतिणीची खोली म्हणजे अंधारी, बंद, खाटेखाली शेगडी आणि ओवा-शेपांची धुरी. त्यांच्या आईची तशीच, आजीची तशीच. मी वाद सोडला. होडी पाण्यात टाकून पाहायचं ठरलं होतंच.

तो दिवस मी विसरणार नाही. रंकाळ्याच्या पाण्यात होडी सुटली, बुडाली नाही, काठावरच्या लोकांनी ओरडा केला. आत बाळंतीण म्हणून पुन्हा मीच. खाटेखाली शेगडी, शेगडीवर ओवा. अक्का उशाशी बसल्या आणि दार लावून घेतलं. आधी ऊब आली, मग धूर, मग नुसता धूरच. मला समोरचा हात दिसेना. मी खोकत उठले, तर अक्कांनी माझा खांदा दाबून धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, आवाज घोगरा.

“काय न्हाय. सवय हुती.”

“अक्का, माणूस मरेल.”

“थोडं सोसायला नगं?”

मग त्यांना स्वतःलाच असा ठसका लागला की बोलणं बंद झालं. अंधारात त्यांनी काहीतरी चाचपलं. ती हातोडी होती. धाड, धाड, आणि ठोकलेली फळी बाहेर उडून पाण्यात पडली. अक्कांनी त्या भोकातून खांद्यापर्यंत डोकं बाहेर काढलं, भरपूर श्वास घेतला आणि तशाच, डोकं बाहेर ठेवून मला विचारलं, “नर्सबाई, खिडकी कुठं पायजे म्हनत हुतासा? हितं चालंल?”

त्याच धक्क्यानं औषधांची फळी सुटली आणि तांब्या-भांड्यांसकट खाली आली. खोलीतलं दुसरं काहीही हललं नव्हतं. अक्कांनी फळी उचलली, कडेला नाक लावलं आणि बाहेर आल्या.

“दादू.”

दादूमिया तळ्याकडं पाहत होते.

“दादू, हिकडं बघ.”

“एवढी एकच, अक्का. हातच गेला वो. जलमाची सवय.”

“ओल लागली न् तुझा सरस गेला पातळ हून.” त्या रागावल्या नाहीत. उलट त्यांना इतका आनंद झाला, की ती फळी हातात घेऊन त्या आठवडाभर पेठेत सगळ्यांना तिचा वास घ्यायला लावत फिरल्या. दादूमियांनी नवी फळी केली, खुंट्यांवर, आणि तिच्यावर उभं राहून दाखवलं.

रंकाळ्यापासून पंचगंगेच्या घाटापर्यंत होडी दोन बैलगाड्या जोडून नेली. त्याआधी अक्का गज घेऊन सगळ्या गल्ल्या मोजून आल्या होत्या. निघायच्या वेळी त्या खाली उतरायला तयार नव्हत्या. होडीतच उभ्या राहिल्या. पुढं बैल, मागं अर्धा गाव. कुणी म्हणालं रथ आहे, कुणी म्हणालं दरबारचा नवा कारखाना. एका म्हातारीनं घाईघाईनं हळदीकुंकू आणलं आणि होडीला लावलं. एका गल्लीत एका दुकानदाराच्या पुढं काढलेल्या छपराला होडी घासली. तो ओरडत बाहेर आला.

“पावणं,” अक्का वरून म्हणाल्या, “होडी मापात हाय. तुमचं छप्पर अर्धा हात रस्त्यात आलंया. मोजू?”

लोकांनी अशी आरोळी ठोकली की तो आत गेला.

पाऊस लागला आणि तर बंद व्हायच्या आत होडी पल्याड न्यायची ठरली. डॉक्टरांनी मला जायची परवानगी दिली; त्यांनाही मनातून उत्सुकता होती. भिमू नावाडी वल्ही आणि बांबू घेऊन आला. शीड मांजरपाटाचं, अक्कांनी स्वतः शिवलेलं. भिमूच्या बापजाद्यांनी वारा मागनं असला की घोंगडं उभं करून नाव हाकली होती, तेवढीच त्याची शिडाशी ओळख. अक्का म्हणाल्या, “घोंगडं जमतंय तर मांजरपाट का जमनार न्हाय?”

आम्ही पाटलांच्या मळ्याच्या कडेला एका बाभळीला होडी बांधली आणि राहू लागलो. पाटलीणबाई डोक्यावर इरलं घेऊन काठावर आल्या.

“काय वो विहीणबाई, लेकीच्या दारात तंबू ठोकलासा?”

“तुमच्या दारात कुठं? नदीत हाय म्या.”

“मळा आमचा हाय.”

“मळा तुमचा, पानी महाराजांचं.”

पाटलीणबाई ओठ दाबून परत गेल्या. पण संध्याकाळच्या आत गड्याबरोबर दूध आलं, आणि अक्का दिवस मावळायच्या आत जेवतात हे ध्यानात ठेवून आलं. तेव्हा मला त्या बाईंबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.

मग पाणी चढायला लागलं. रोज बाभळीचं खोड थोडं थोडं कमी दिसायचं. एके सकाळी भिमूनं हाक मारली, “अक्का, गावात पानी शिरलं!” आणि त्याच वेळी पाटलांचा गडी छातीएवढ्या पाण्यातून येताना दिसला. सुमतीच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या.

अक्कांनी दोर सोडला. आम्ही मळ्यावरून गेलो. होडीच्या तळाला उसाचे शेंडे घासत होते, आणि भिमू बांबू रोवत होता तो नदीत नाही, पाटलांच्या शेतात. होडी थेट सोप्याच्या पायऱ्यांना लागली. पाटलीणबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. त्यांनी सारवून, खाट टाकून तयार ठेवलेल्या खोलीतली शेगडी विझून पाण्यावर फिरताना मला दारातून दिसली. खोलीच्या चौकटीला धरून सुमती उभी होती. ती कुणाकडंच बघत नव्हती.

पाटलीणबाईंनी पाण्याकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, मग होडीकडं.

“दोर हिकडं टाका,” त्या म्हणाल्या.

“कशाला?” अक्का.

“आमच्या सोप्याच्या खांबाला बांधती. म्हंजे बाळंतपन सासरीच झालं.”

अक्कांनी क्षणही लावला नाही. “बांधा की! दोन बांधा!”

पाटलीणबाईंनी स्वतः बांधला, म्हैस बांधतात तशा गाठी मारून. सुमती दारातून न अडकता आत गेली. मागून पाटलीणबाई आल्या. आत येऊन त्यांनी भिंतीवर हात फिरवला, खाट हलवून पाहिली.

“खिळा कुठं दिसंना.”

“खिळा गंजतोय,” अक्का म्हणाल्या. “खुंट्या हैत.”

“कुनी केल्या?”

“म्या.”

पाटलीणबाईंनी ती खाट पुन्हा एकदा हलवून पाहिली, आणि या वेळी जरा मायेनं.

मुलगी झाली. चांगली रडली. मी नाळ कापली, बाळ पाटलीणबाईंच्या हातात दिलं, आणि मग जे नको होतं तेच सुरू झालं. वार येईना. रक्त थांबेना. मी औषध दिलं, पोट चोळायला सुरुवात केली. सुमतीचे ओठ पांढरे पडत चालले होते, आणि ते मला दिसत होते ते त्या हातोडीच्या भोकातून येणाऱ्या उजेडामुळं.

“इस्पितळ,” मी म्हटलं. “आत्ताच्या आत्ता.”

भिमू उठला आणि दोरापाशी जाऊन थांबला. गाठी पाटलीणबाईंच्या. त्यांना हात लावायची त्याची छाती होईना. मी अक्कांकडं पाहिलं. त्यांच्या मांडीशी पटाशी होती आणि हात पटाशीवर होता. एका घावात दोर तुटला असता. पण दोर बांधू द्यायचा शब्द त्यांनी दिला होता, आणि तो तोडून लेक नेली तर ती त्या घरात पुन्हा कुठल्या तोंडानं जाणार, हेही त्यांना कळत होतं. पद्माक्का गप्प बसलेल्या मी तेवढ्या एकदाच पाहिल्या. त्या नुसत्या विहिणीकडं पाहत होत्या.

पाटलीणबाई उठल्या. त्यांनी बाळ अक्कांच्या मांडीवर ठेवलं, बाहेर गेल्या आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या. भिजलेली गाठ सुटेना. त्यांनी दात लावले, तरी सुटेना.

“द्या ती पटाशी,” त्या म्हणाल्या.

आणि त्यांनीच दोर तोडला. तोडून त्या तिथंच खांबाला धरून उभ्या राहिल्या. “जावा. घिऊन जावा.”

अक्कांनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना आत ओढलं. “तुमी कुठं ऱ्हातासा? नातीला धरा. माझं हात शिडाला पायजेत!”

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. मी आत होते आणि माझे दोन्ही हात सुमतीच्या पोटावर. होडी मळ्यातून नदीच्या धारेला लागली तो धक्का मला टाचेपर्यंत कळला. पश्चिमेचा वारा मागून, धारही खाली घाटाच्याच बाजूला. शीड फटकन भरलं आणि भिमू ओरडला, “आगाई!” खोली एका बाजूला कलली. सगळ्या खुंट्या एकदम करकरल्या, खाट करकरली, फळी करकरली; पण काही सुटलं नाही. माझी बाटली जिथं ठेवली होती तिथं होती. हात घातला की औषध हातात येत होतं. पाटलीणबाई कोपऱ्यात पाय रोवून, बाळ छातीशी धरून बसल्या होत्या आणि मोठ्यानं णमोकार मंत्र म्हणत होत्या.

खिडकीत अक्कांचं तोंड आलं, ओलंचिंब. “पडली का वार?”

“नाही!”

तोंड गेलं. “भिमू, डावीकडं दाब! झाड येतंय, झाड!” मग पुन्हा खिडकीत, “पडली का?”

“नाही अजून! होडी सरळ ठेवा!”

“नदीला सांगा!”

मला हसू आलं. अशा वेळी येऊ नये, पण आलं, आणि सुमतीही डोळे न उघडता किंचित हसली. त्या हसण्यानं पोट हललं का माझ्या हातांना यश आलं, ते मला सांगता येणार नाही. पण वार सुटली. पूर्ण आली. मी ती उजेडात धरून नीट पाहिली, आणि रक्ताचा ओघ हाताखाली मंदावत गेला.

“पडली!” मी ओरडले.

बाहेरून एकदम अक्कांची अशी किंकाळी आली की बाळ दचकून रडायला लागलं. ती आनंदाची होती, हे मला थोड्या वेळानं कळलं.

अक्कांनी निघतानाच सांगून ठेवल्याप्रमाणं, पूर चढल्यापासून घाटावर दादूमिया छकडा जुंपून उभे होते. सुमतीला खाटेसकट उचलून छकड्यात ठेवलं. खुंट्या काढल्या की खाट सुटायची, तशीच केलेली होती. इस्पितळात ती बरेच दिवस राहिली आणि उठली. बारसं कुणाच्या घरी करायचं यावर दोघी विहिणी भांडल्या. ते भांडण दोघींनाही फार आवडत असावं, कारण त्यांनी ते लवकर मिटवलं नाही. शेवटी बारसं घाटावर, होडीत झालं.

दिवाळीच्या तोंडावर माझी बदली झाली आणि मी आगगाडीनं निघाले. निरोप घ्यायला पेठेत गेले तर दुकानाला कुलूप. रुकडीच्या पुलावर गाडी हळू झाली आणि डब्यातल्या बायका खिडक्यांशी गेल्या. मीही गेले. खाली नदी अजून दोन्ही काठ भरून वाहत होती आणि धारेतून मांजरपाटाचं शीड खाली चाललं होतं. कुठल्यातरी खालच्या गावातून अडलेल्या बाईचं बोलावणं आलं असणार. होडीच्या टोकाशी, आपल्या सोप्यात बसावं तशा पाटलीणबाई बसल्या होत्या. मांडीवर दोराचं वेटोळं. पद्माक्का खिडकीतून अर्ध्या बाहेर लोंबकळून, होडी चालत असतानाच बाहेरच्या फळीवर हातोडी चालवत होत्या.

मी हाक मारली. पुलाच्या खडखडाटात ती माझी मलाच ऐकू आली नाही. डब्यातल्या बायका हात हलवू लागल्या, होडीतून भिमूनं आणि पाटलीणबाईंनीही हलवला. अक्कांनी वर पाहिलं नाही. खुंटी वाकडी गेली असावी. त्यांनी ती उपटून पाण्यात टाकली आणि दातांत धरलेली दुसरी काढून लावली.